खेप १४ : तार तुटली एकदाची

मंडळी, आज सकाळी साडेसहाला बरणीत चमचा बुडवून वर उचलला आणि बीट-गाजर आंबवून केलेली कांजी थेंबाथेंबानं पडली. टप, टप. तार नाही! स्वयंपाकघरात एकटी असूनही मी "आली!" म्हणून ओरडले. आतून ह्यांनी विचारलं, "कोण आलं?"

खेप १० ते १३ चं रडगाणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा आनंद कळेल. वास चांगला, आंबटपणा बेताचा, पण तिसऱ्या दिवशी पाहावं तर कांजी भेंडीच्या पाण्यासारखी बुळबुळीत. पळी उचलली की थेट ओट्यापर्यंत तार. दिवाळीत एकतारी पाक जमावा म्हणून जीव टाकते तेव्हा तो जमत नाही, आणि इथे न मागता दोनतारी!

संशय सगळ्यांवर घेऊन झाला. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन म्हणून पाणी उकळून गार केलं. बरणी वाफवली. मोहरी दुसऱ्या दुकानातून आणून घरी कुटली. मुलुंडची ऑगस्टची दमट हवा, स्वयंपाकघरात ३१ अंश, म्हणून बरणी पाण्याच्या परातीत ठेवून तिला ओला पंचा गुंडाळला. नवजात बाळाचे झाले नसतील एवढे लाड झाले. तरी तार ती तारच.

त्यात त्या आंबटपणा (पीएच) मोजायला ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्या. बीटाच्या पाण्यात बुडवली की पट्टी गुलाबी. आता रंग जुळवायचा कशाशी, कपाळाशी? ताक, आंबील, काकडीचं पाणी यांना पट्टी ठीक आहे. बीटवाल्यांनी पैसे घालवू नका. मी शेवटी प्रिन्सेस स्ट्रीटवरून खिशात मावणारा मीटर आणला. दर आठवड्याला कॅलिब्रेट करावा लागतो, पण निदान खोटं बोलत नाही.

उलगडा झाला तो राखीमुळे. ती पोचल्याचं सांगायला सांगलीहून दादाचा फोन आला. दादा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता. माझं गाऱ्हाणं ऐकून हसायलाच लागला. "अगं, हे डेक्स्ट्रान! शिळ्या उसाचं दुखणं तुझ्या बरणीत शिरलंय."

तोडलेला ऊस गाळपाला न जाता पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू माजतात. ते साखर फोडतात आणि त्यातल्या ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या विणतात. रस चिकट होतो, गाळताना अडतो, साखरेचा दाणा नीट धरत नाही. कारखान्यातले लोक या डेक्स्ट्रानला जाम टरकून असतात म्हणे. आणि बीट म्हणजे तरी काय, साखरच; युरोपात साखर त्याच्याच भाईबंदांपासून करतात. हेच जिवाणू आपल्या कांजीची सुरुवातही करून देतात, त्यामुळे त्यांना हाकलायचं नाही. फक्त त्यांच्यापुढे एकदम एवढं पक्वान्न वाढायचं नाही.

"तू बीट चिरतेस की किसतेस?" दादानं विचारलं.

मी गप्प. सूनबाईनं फूड प्रोसेसर आणल्यापासून किसते. म्हणजे खेप १० पासून.

"आणि मीठ?"

बीपीची गोळी सुरू झाल्यावर निम्मं केलं, तेही खेप १० पासूनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे इथे नव्या लोकांना मीच शिकवते, आणि स्वतः दोन बदलून महिनाभर पाण्याला शिव्या घालत बसले!

तर खेप १४ : पाणी १ लिटर, खडे मीठ २० ग्रॅम, गाजर २५० ग्रॅम, बीट १५० ग्रॅम, दोन्हीच्या बोटभर फोडी, मोहरीपूड २ चमचे. चौथ्या दिवशी पीएच ३.७. रंग असा की ग्लास खिडकीत धरून पाहत बसले. मिठाचा हिशेबही केला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते आणि या कांजीच्या १०० मिलीत २ ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणून आता आमटीच्या वाटीऐवजी ५० मिलीचं छोटं भांडं.

आता डोक्याचा हिशेब, म्हणजे कांजीनं आठवण सुधारते का ते. बारा जोड्यांच्या पत्त्यांच्या खेळात पहिल्या आठवड्यात ९ चुका होत्या, या आठवड्यात ४. टाळ्या वाजवू नका. मध्येच माझं बी१२ कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. जन्मभर शाकाहारी; भाज्यांत बी१२ नसतं, दूध-ताकातलं मला पुरलं नाही, आणि ते कमी असलं की विसराळूपणा येतोच. वर रोज खेळून हात बसला तो वेगळाच. आता श्रेय कांजीला द्यायचं, सुईला की सरावाला?

आपण सगळे ज्या लंडनच्या प्रयोगावरून पेटलो (२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला, साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या, १२ आठवडे), त्यातही कांजी नव्हती हो! प्रोटीन पावडर आणि व्यायाम दोघांनाही. फरक एवढाच की एकाला इन्युलिनसारखा तंतू, दुसऱ्याला नुसती भुकटी. तंतूवाल्यांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू वाढले आणि स्मरणाच्या चाचणीत ते सरस ठरले. पायातली ताकद मात्र कुणाची वेगळी वाढली नाही. आंबवलेल्या पदार्थांनी जिवाणूंचं वैविध्य वाढलं ते २०२१ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, त्यात माणसं ३६ आणि तीही वयस्कर नव्हेत. उलट डोक्यासाठी चांगला म्हणून सांगतात त्या माइंड आहाराची ६०४ जणांवरची ३ वर्षांची चाचणी २०२३ मध्ये आली, तिच्यात दोन्ही गटांच्या बुद्धीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा कांजीला लंडनचं प्रमाणपत्र चिकटवू नका. मी पिते ते आवडते म्हणून.

पुढची खेप काळ्या गाजराची करणार होते, पण हे लिहितानाच सुचलं, ती राहू दे. घटस्थापनेपर्यंत इंजेक्शनं संपतील. मग ताकात रोज एक चमचा भुकटी : चार आठवडे एक डबी, चार आठवडे दुसरी. एकीत इन्युलिन, दुसरीत ग्लुकोज. ग्लुकोज लहान आतड्यातच शोषलं जातं, खालच्या जिवाणू मंडळींपर्यंत पोचत नाही. इन्युलिन न पचता तिथवर जातं. (पोटात गुबारा धरतो, पहिला आठवडा अर्धाच चमचा.) डब्या हे भरतील, अ आणि ब लिहितील, मला सांगणार नाहीत.

पोटात गेलेल्या वेगवेगळ्या वनस्पतींची मोजणी या आठवड्यात २७. गुरुवारी स्टेशनबाहेर कंटोळी, भारंगी आणि फोडशी मिळाली म्हणून एवढी तरी मजल गेली. हिंग धरला तर २८. मी धरते, झाडाचाच चीक आहे.

हे आत्ता विचारून गेले, "इन्युलिन कमी गोड आहे, चव सारखी व्हायला त्यात चिमूट पिठीसाखर टाकू का?" मी नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण साखरेचा डबा खाली काढल्याचा आवाज आलाय.