पिवळा पळस बघायला सत्तरीत निघालात? आधी पैसे देऊ नका

सरळच सांगतो. गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या पुढे पिवळा पळस फुललाय म्हणून जो फोटो सध्या मोबाईलवर फिरतोय ते झाड पळसाचं नाहीच, ताबेबुया नावाचं बागेतलं परदेशी झाड आहे, आणि ते दाखवायचे पंधराशे घेतायत. माझे तर बावीसशे गेले, कारण परत आल्यावर "गाडीचे वेगळे" निघाले.

पिवळा पळस ही थाप नाही हां. आपला भगवा पळस, ब्युटिया मोनोस्पर्मा, त्याचाच हा पिवळ्या फुलांचा प्रकार, ल्युटिया म्हणतात, आणि भगव्यांच्या गर्दीत एखादंच झाड असं निघतं. विदर्भातले फोटो फेब्रुवारी-मार्चला येतात ते बघून दरवर्षी जळायचो, त्यामुळे गोव्यातच आहे म्हटल्यावर लगेच बाईक काढली. पण एक लक्षात घ्या, ज्यांना असं झाड खरोखर माहीत असतं ते पत्ता सांगत नाहीत, पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन असतं म्हणून मुळं आणि साल ओरबाडणारे लोक आहेत आणि पिवळ्यालाही ते सोडत नाहीत. कोणी स्वतःहून रेट सांगून झाड दाखवतोय तर तिथेच शंका घ्या.

वाळपईपर्यंतचा रस्ता मस्त, त्यावर काय लिहायचं. पेट्रोल तिथेच भरा.

खरा वैताग म्हणजे काजूच्या बागेमागचा तो उतार. खाली जांभ्याची गोल खडी, वर वीतभर सुकलेला काजूचा पाला, पाय ठेवला की पालाच आपल्याला घेऊन खाली जातो. चांगले ट्रेकिंगचे बूट होते तरी अर्धा उतार बसूनच उतरलो. दाखवणारा भाऊ पुढून सारखा "हांगाच आसा, मातशें फुडें" (इथेच आहे, थोडंसं पुढे) करत होता आणि ते मातशें काही संपेना. आणि उताराच्या तळाला, जिथे आधाराला झुडूप धरावंच लागतं, नेमकी तिथेच सगळी खाजकुयली! ती पण शेंगवर्गातलीच, पळसाची चुलतबहीण म्हणा. या दिवसांत शेंगा वाळलेल्या असतात, एसच्या आकाराच्या, वर तांबूस मखमल, बघायला इतकी सुंदर की बोट लावावंसं वाटतं. हात लावायचीही गरज नाही, वाऱ्याने लव उडते. मानेपासून कोपरापर्यंत आग आग. खाजवलं की लव अजून आत जाते, चोळू नका, आधी चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाणी. माझ्याकडे चिकटपट्टी नव्हती, बागेत काजू वेचणाऱ्या एका मावशींनी शेण लावायला दिलं, त्याने खरंच आराम पडला. वर हसून म्हणाल्या, "ते वाटेन कोण वता रे बाबा, फाटल्यान रस्तो आसा न्हय!" म्हणजे त्या वाटेने कोण जातं, मागून रस्ता आहे ना.

आणि होता! डांबरी रस्ता. झाड एका फार्महाऊसच्या कुंपणाला लावलेलं, गाडी अगदी बुंध्यापर्यंत जाते. एवढा उतार कशासाठी, तर जंगलातलं दुर्मिळ झाड वाटावं म्हणून.

आता ओळखायचं कसं, फुकटात सांगतो. ताबेबुयाचं फूल भोंग्यासारखं, पानं रुपेरी झाक असलेली, बहुतेक पाच पानांची जुडी, खोडाची साल बुचासारखी भेगाळलेली, दक्षिण अमेरिकेतून आणून बागांत लावलेलं झाड. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, देठाशी काळपट मखमली पेला, शेंग चपटी आणि तिच्या टोकाला एकच बी. आणि पानं, ती कुठेही जा, तीनच. फुलांच्या वेळी झाडावर पानं नसतील तर खाली पडलेली उचला, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक, यात मस्करी नाही. सत्तरीत माकडतापाचा (विषाणूमुळे येणारा ताप, केएफडी) इतिहास आहे, 2015 ला पाली गावात पेशंट सापडले होते. गोचिडीतून पसरतो, डिसेंबर ते मे जास्त जपायचं, म्हणजे पळस फुलतो तो काळ पण त्यातच आला. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसायचं नाही (मी ज्या उतारावर बसून उतरलो तिथे तर मुळीच नको), मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर अंग नीट तपासा. खाजकुयलीचे कपडे झटकू नका, पिशवीत बांधून वेगळे धुवा.

भगवा पळस येताना रस्त्याकडेला दिसला, चांगला फुललेला, त्यावर सूर्यपक्षी आणि साळुंक्या भांडत होत्या. फुकट.

तो उतार उतरू नका, कोणी कितीही सांगू दे. आणि कोणाला पैसे द्यायचेच असतील तर आधी फूल हातात धरून काढलेला फोटो मागा, बाजूला पान ठेवून. असा फोटो पाठवणारा भेटला तर मला पण सांगा, त्याला तीन हजार देईन.