तुम्ही विचारलंत म्हणून: विमानात फणसाचे लाकूड का नाही?

मी खासगी विमानांच्या केबिनची अंतर्गत रचना करते हे कळले, की सावंतवाडीकडची सुतारकाम करणारी मंडळी हमखास विचारतात, ‘एवढ्या महागड्या विमानात आपले फणसाचे लाकूड का बसवत नाही?’

फणसाला बंदी नाही. नियम लाकडाची जात विचारत नाहीत. ते आगीत आणि धक्क्यात कसे वागेल, एवढेच पाहतात. मात्र घरात वापरतो तशी भरीव फळी विमानात सहसा नसतेच. अखंड लाकडाचे भासणारे कपाट आतून मधाच्या पोळ्यासारखे पोकळ असते: अरामिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम तंतूच्या कागदाचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे पातळ थर आणि सर्वांत वर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे खरे लाकूड. वजन हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण कोकणातल्या सुताराला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात दारे फुगून चौकटीत अडकतात, आणि उंचावर उडणाऱ्या केबिनमध्ये नेमके उलटे घडते. तिथली आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली जात असल्याने जाड फळी आक्रसून तडकण्याची भीती असते.

आगीची परीक्षा कडक असते. मोठ्या विमानांच्या नियमांनुसार भिंतींच्या आणि मोठ्या कपाटांच्या साहित्याचा नमुना उभा टांगून त्याला खालून 60 सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर तो सरासरी 15 सेकंदांच्या आत विझावा लागतो आणि 6 इंचांहून अधिक जळता कामा नये. लाकूड, गोंद आणि पॉलिश यांची परीक्षा एकत्रच होते, म्हणून पॉलिश बदलले तरी आधीच्या निकालावर विसंबता येत नाही.

मला स्वतःला केबिनमध्ये सर्वांत मोलाची वाटते ती खणाची खिटी. आपत्कालीन उतरणीत वस्तूंवर पुढच्या दिशेने त्यांच्या वजनाच्या 9 पट भार येईल असे नियम धरून चालतात. म्हणजे सामानासह 5 किलोचा खण 45 किलोच्या जोराने बाहेर येऊ पाहतो, आणि तो समोर बसलेल्या माणसावर जाऊ न देण्याचे काम त्या छोट्याशा खिटीचे असते. लाकडाच्या रंगाइतकाच वेळ मी तिला देते, आणि द्यायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

राहिला फणस. ताजा कापलेला असताना तो पिवळा असतो आणि काळाबरोबर तांबूस तपकिरी होत जातो. विमानात एखादा भाग खिडकीच्या उन्हात आणि शेजारचा कायम पडद्याआड असतो, त्यामुळे रंगातला हा फरक सुरुवातीपासूनच धरून चालावे लागेल. शिवाय समोरासमोरच्या कपाटांचे रेषे जुळायचे, तर सगळे पापुद्रे एकाच ओंडक्यातून ओळीने काढून काही पुढच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावे लागतात. तेव्हा लांब, सरळ, बिनगाठीचा ओंडका कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा; पहिले काही पापुद्रे ज्योतीच्या चाचणीसाठी जातील.