व्हीलच्या टोकाला कोण?

सिंक्रोनाइझ्ड स्केटिंग म्हणजे संघाने एकमेकांना धरून, एका तालात बर्फावर आकृत्या करणं. छोट्या गावच्या अशा संघाची खरी ओढाताण माणसांची असते. सिनियर गटात बर्फावर एका वेळी 16 जण लागतात. गावातल्या एकुलत्या रिंकवर एवढे सारख्या ताकदीचे स्केटर कुठून आणणार? कोणी लहानपणापासून खेळतोय, कोणाला थ्री-टर्न (एका पायावर वळून दिशा बदलणं) नुकताच जमायला लागलाय. मग कोच सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करून मोकळा होतो. फोटोत ते छान दिसतं. व्हील, म्हणजे मध्याभोवती फिरणारी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, फिरायला लागलं की तुटतं.

हिशोब सरळ आहे. चार स्पोकच्या (आऱ्यांच्या) व्हीलमध्ये एका स्पोकवर चौघं. दोघांतलं अंतर 1 मीटर धरलं, तर एका फेरीत सर्वांत आतला सुमारे 6 मीटर सरकतो आणि टोकाचा 25. तेच व्हील दोन स्पोकचं केलं की टोकाच्या आठव्याला तेवढ्याच वेळात 50 मीटर कापावे लागतात. म्हणून टोकाला दणकट क्रॉसओव्हरवालाच (पायावरून पाय टाकत वळणावर वेग घेणारा) हवा, उंची काहीही असो. अर्थात, कच्च्या गड्याला मध्यभागी लपवूनही भागत नाही. तिथे जवळजवळ जागच्या जागी, वेगाचा आधार नसताना तोल सांभाळायचा असतो. नवख्याची जागा दुसरी किंवा तिसरी, दोन्हीकडे जाणते.

स्पोक वाकतो तो बऱ्याचदा आतल्यांच्या घाईमुळे. टोकाचा जरा मागे पडला की आतले जोर लावतात आणि बाक आणखी वाढतो. वेग टोकाच्याने ठरवायचा, आतल्यांनी थांबून घ्यायचं. खांद्याच्या होल्डमध्ये, म्हणजे शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून धरताना, शेजाऱ्याला ओढायचं नाही. हात लांब ठेवून त्याच्या खांद्यावर मागून हलका दाब द्यायचा. ओढलं की त्याचा खांदा वळतो, खांद्यामागून कंबर वळते, आणि धारेवर असलेला ब्लेड सपाट होतो. पुढचा टर्न तिथेच फसतो.

इंटरसेक्शनमध्ये, म्हणजे दोन ओळी एकमेकींच्या फटींतून आरपार जाताना, धडक होते ती एका ओळीने अर्धा ठोका आधी पोचल्यामुळे. बर्फावर जाण्याआधी बूट काढून, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून चालत सराव करावा. आपली फट दोन ठोके आधी हेरायची. ऐन क्षणी शोधायला गेलं की पाय आखडतो.

या खेळाचा पहिला संघ, हॉकेट्स, 1956 मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बरला उभा राहिला आणि हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात बर्फावर उतरायचा. हॉकीशी ते नातं आजही नडतं, कारण छोट्या रिंकवर सगळे हॉकीच्या निळ्या-लाल रेघा बघून ओळ सरळ ठेवायला शिकतात. स्पर्धेच्या रिंकवर रेघा नसल्या की ओळ भरकटते. रुंदीही बदलते, कुठे 26 मीटर, कुठे 30. निम्मा सराव तरी रेघांकडे न बघता, शेजाऱ्याच्या खांद्यावरून करावा.

कोणी पडलंच तर त्याने लगेच मुठी आवळायच्या, बोटांवरून ब्लेड जायला नको. बाकीच्यांनी त्याची जागा मोकळी ठेवून स्केटिंग चालू ठेवायचं.

पोशाखात खांद्यावर खडे-मणी नकोत, होल्ड तिथेच असतो. बुटाच्या नाड्यांची टोकं आत खोचावीत. केसांच्या पिना दोनदा तपासाव्यात. बर्फावर पडलेली पीन ब्लेडखाली आली की चांगला स्केटरही आडवा होतो. आणि ब्लेडला धार स्पर्धेच्या आदल्या रात्री लावू नये, नव्या धारेवर एक-दोन सराव तरी व्हायला हवेत.