चिऱ्याच्या भिंती, जुना राउटर आणि बावीस मीटर केबल

गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत मागच्या घरात, म्हणजे स्वयंपाकघराकडच्या भागात, वायफायचं नेट पोचवायचं, असं या वर्षी ठरवलं होतं. पोचलं. पण ज्या चुकीने माझा अख्खा रविवार खाल्ला ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे तुमचा तरी वाचेल.

आमचं घर गुहागरजवळ, जुनं, कौलारू. फायबरचा डबा ओटीवर आहे, कारण जोडणाऱ्या पोराची वायर तिथपर्यंतच पुरली. ओटीवर १०० एमबीपीएसचा प्लॅन पुरेपूर मिळतो. माजघरात ४० च्या आसपास. स्वयंपाकघरात फोन उणे ८१ डीबीएम दाखवतो, म्हणजे नावाला रेंज. आईचा व्हिडिओ कॉल लागला की ती पळीसकट पडवीत येऊन उभी राहते. मधे दोन भिंती आहेत, दोन्ही जांभ्या चिऱ्याच्या. टेप लावून मोजल्या, गिलाव्यासकट पंधरा इंच. पुण्याच्या फ्लॅटमधला अनुभव इथे काडीचाही कामाला येत नाही.

माळ्यावर टीपी-लिंकचा जुना डब्ल्यूआर८४१एन राउटर होता, दोन दांड्यांचा. पूर्वी पुण्याच्या खोलीवर वापरायचो. त्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. ड्रॉवरमध्ये आधी १२ व्होल्टचा हाताला लागला. पिन बसते, म्हणून खुपसू नका. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी (फर्मवेअरऐवजी) चालणारं मोफत सॉफ्टवेअर, टाकायचा मोह झाला, पण माझ्या डब्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. एवढ्याशा जागेत नवीन आवृत्ती मावत नाही, आणि खुद्द प्रकल्पवालेच अशा डब्यांचा नाद सोडा म्हणतात. मूळ फर्मवेअरच ठेवलं. नाहीतरी त्याला आता राउटरचं काम करायचंच नव्हतं.

शनिवारी सोपी वाट धरली. राउटर माजघरात ठेवून डब्ल्यूडीएस चालू केलं, म्हणजे ओटीवरचा सिग्नल हवेतून घ्यायचा आणि हवेतूनच पुढे द्यायचा. स्वयंपाकघरात ११ एमबीपीएस. फोनच्या वायफाय माहितीत लिंक स्पीड बघितला तर ५४. तेव्हा पेटली. सिक्युरिटीत मी जुन्या सवयीने टीकेआयपी ही जुनी कुलूपपद्धत निवडली होती, आणि टीकेआयपीवर एन या नव्या वायफायचा वेग मिळतच नाही, गाडी ५४ वर अडते. डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही नवी पद्धत केली, स्वयंपाकघरात २६ झाले. त्याच्या वर जाईना. एकच रेडिओ एकाच चॅनेलवर ऐकणार आणि तोच बोलणार, तर निम्मा वेळ ऐकण्यात जाणारच. शिवाय माजघरातून स्वयंपाकघरात जायला एक भिंत शिल्लक होतीच. म्हटलं, आठ तारांची नेटवर्क केबलच टाकू.

जुन्या घराचा एक फायदा इथे कळला. आमच्या मधल्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत, वर वाशांच्या मधे हातभर फट आहे. ड्रिल नको, चिरा फोडणं नको. ओटीवरून वर, भिंतीवरून आडवी, स्वयंपाकघराच्या दारावर खाली: बावीस मीटर. माळ्यावर उंदरांचं राज्य आहे, म्हणून केबल पीव्हीसी पाइपातून नेली आणि विजेच्या वायरिंगपासून वीतभर लांब ठेवली. बाबा खालून टॉर्च धरून होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "अरे, वायरलेस म्हणतात ना त्याला?"

मग क्रिम्पिंग. दोन्ही टोकांना प्लग बसवले, टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. खूश होऊन राउटर जोडला तर पिंगमध्ये, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायच्या चाचणीत, दर दहातली तीन-चार पॅकेट गायब. लिंक मधेच १० वर उतरायची, परत १०० वर चढायची. पोर्ट बदलला. राउटर बदलून थेट लॅपटॉप लावला. तेच. पाइपात कुठे केबल मुडपली असेल म्हणून अर्धी बाहेर ओढून बघितली. दुपारचं जेवण चार वाजता झालं.

शेवटी प्लग उजेडात धरून रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा... थांबा. दिसायला सरळ, जोडीला जोडी. आणि तिथेच घोटाळा. बरोबर क्रमात पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा येतो, मग पांढरा-निळा, मग हिरवा. कारण १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या पिना लागतात, आणि ३-६ वर एकमेकींना पिळलेल्या दोन तारा हव्यात. माझ्याकडे ३ वर हिरव्या जोडीतली तार होती आणि ६ वर निळ्या जोडीतली. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारचा गोंगाट मारायला. दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा घेतल्या की त्याचा उपयोग संपला. दोन्ही टोकांना मी एकसारखीच चूक केलेली, त्यामुळे टेस्टर बिचारा खूश. त्याला फक्त तार या टोकाची त्या टोकाला पोचते का एवढंच कळतं. दोन्ही प्लग कापले, नवे बसवले, हजार पिंगमध्ये एकही पॅकेट पडलं नाही.

पुढचं काम दहा मिनिटांचं. केबल लावण्याआधी लॅपटॉपवरून जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 केला, कारण ओटीवरचा डबा .1 वर बसलाय. डीएचसीपी बंद. ते चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि मग कोणाचा फोन कधी चालेल याचा नेम नाही. केबल निळ्या वॅन पोर्टात न लावता पिवळ्या लॅन पोर्टात लावली. वॅनमध्ये लावली तरी नेट चालतं, पण मागचं घर वेगळ्या नेटवर्कात जातं आणि तिथल्या फोनवरून ओटीवरच्या टीव्हीवर काही पाठवता येत नाही. नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच, चॅनेल मात्र पुढे १, मागे ११.

आता स्वयंपाकघरात केबलवर ९३ आणि फोनवर ५५ ते ६०. वायफायचा आकडा उपकरणांच्या गर्दीत खाली येतो, पण चतुर्थीला घरात चौदा फोन होते आणि तक्रार एकच आली, तीही मोदक संपल्याची.

एक दुखणं राहिलंय. आईचा फोन ओटीवरच्या वायफायला चिकटतो आणि स्वयंपाकघरात आला तरी सोडत नाही. पुढच्या डब्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पॉवर मध्यमवर आणल्यावर बराच सुधारला, पण तरी दिवसातून एकदा वायफाय बंद-चालू करावंच लागतं. कोणी जुन्या डब्यांवर यापेक्षा बरा उपाय केला असेल तर सांगा.

बाबांना आता गोठ्यातही नेट हवंय, कॅमेऱ्यासाठी. अंगण ओलांडून तांब्याची केबल उघड्यावरून न्यायला मी तयार नाही; जवळपास वीज पडली तर दोन्हीकडचे पोर्ट जातात. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) असा विचार आहे. परतीच्या पावसाचा गडगडाट थांबला की अंगणात खणायला घेतो.