आजऱ्याच्या पुढं मोडलेला हँगर

डिसेंबरातली पुणे–गोवा राइड होती. माझं सायकलीचं दुकान कोल्हापुरात, म्हणून कोल्हापूरपासून पुढं मेकॅनिक म्हणून मी सोबतच्या टेम्पोत. निपाणीला हायवे सोडायचा आणि उत्तूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरायचं. डिसेंबर म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांमागं रस्ताभर पाला आणि कांडकी सांडलेली.

आजरा सोडून बरंच पुढं आलो आणि फोन आला. "दादा, मागं या लवकर. गिअरच चाकात गेलाय."

ग्रुपमधल्या पन्नाशीच्या एक ताई, बँकेत नोकरीला. चढावर उसाचं कांडकं मागच्या चाकात अडकलं, त्यानं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा गिअरचा भाग, स्पोकमध्ये ओढला आणि हँगर मधोमध मोडला. एक स्पोकही गेला होता.

"आजऱ्यात वेल्डिंग होईल का याला?"

नाही होणार. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, दणका बसला तर त्यानं मोडावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. त्यानं त्याचं काम केलं होतं. पण प्रत्येक कंपनीचा, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचासुद्धा हँगर वेगळा. टेम्पोत ट्यूब, टायर, केबल, ब्रेक पॅड, चेन सगळं होतं. त्यांच्या सायकलचा हँगर कुठून असणार? लोक वजन कमी करायला कार्बनचा बॉटल केज घेतात आणि ही काडेपेटीपेक्षा लहान वस्तू घरी ठेवून येतात, याचा मला खरंच त्रास होतो.

आयोजक म्हणाले, टेम्पोत बसा. ताई म्हणाल्या, "पाय धडधाकट आहेत माझे. सायकल चालेल एवढं बघा, दादा."

मग एकच गिअर करायचा. डिरेलर काढला, चेन तोडली. पुढं लहान चकती धरली. मागं कुठली, हे ठरवण्यातच सगळं कसब आहे. चेन सरळ रेषेत हवी, तिरकी गेली तर जोर लावताच शेजारच्या मोठ्या दातांवर चढते आणि आवळून बसते. शिवाय ताण द्यायला डिरेलर नाही, त्यामुळं लांबी नेमकी जुळेल तीच चकती. तिसऱ्यांदा जुळवली तेव्हा मधली एक बरोबर बसली. जादा कड्या काढल्या, चेनची टोकं जोडणारी क्विक लिंक लावली. तुटलेल्या स्पोकच्या आजूबाजूचे स्पोक ढिले-घट्ट करून रिम ब्रेकला घासणार नाही एवढी सरळ केली. ताई तशा आंबोलीपर्यंत आल्या, दोन चढ सायकल हातात धरून चालत.

आंबोलीत मी चाक फिरवून एकेक स्पोक बोटानं वाजवून बघितला. तुटलेल्याच्या शेजारचा भद्द वाजला. मुळाशी चीर होती.

"ताई, या चाकावर घाट उतरू देणार नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. हेल्मेटचा पट्टा सोडला, परत लावला. खाली दाणोलीपर्यंत सलग उतार, आंधळी वळणं, समोरून ट्रक. तिथं मागचं चाक बसलं तर माणूस वाचवायला मी टेम्पोतून काय करणार होतो?

ग्रुपमधल्या एका मुलाचं पोट सकाळपासून बिघडलं होतं. तो तिथंच थांबला आणि म्हणाला, "काकू, माझं चाक घ्या." चकत्या जुळल्या. रिम जरा रुंद होती, म्हणून ब्रेक मोकळा करून पॅड नव्यानं बसवले. ताईंना एवढंच सांगितलं की ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी दाबा, मग सोडा.

टेम्पो त्यांच्या मागं ठेवला. दाणोलीला रिमला हात लावून बघितला, कोमट होती. पुढं सपाटीला त्या एका गिअरमध्ये पाय नुसते गरगर फिरत होते. वेग काही मिळेना, तरी त्या उतरल्या नाहीत. सावंतवाडीला पोचायला अंधार पडला. दुसऱ्या दिवशी बांदा, पत्रादेवी करत तशाच गोव्यात गेल्या.

कोल्हापुरात आल्यावर मोडका हँगर व्हर्नियरनं मोजला आणि फोटो दोन-तीन डीलरना पाठवले. मग दोन हँगर मागवले. एक बसवला, दुसरा ताईंच्या सीटखालच्या सॅडलबॅगेत घालून बॅगेची चेन लावली.