चार नंबरांचं इंजिन

आमच्या म्युझियममधलं छोट्या गाडीचं इंजिन बघायला आलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: "हे माथेरानचं का हो?" सगळा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात काढलेल्या आजीसुद्धा हेच विचारतात. छोटी गाडी म्हटली की डोंगर, हे डोक्यात पक्कं बसलंय. मग मी सांगतो की खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम छोटी लाइन टाकली, तीही सपाट जमिनीवर. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचं वजन पेलेना, म्हणून गाडी बैल ओढायचे. वाफेची इंजिनं नियमित धावू लागली ती १८७३ पासून. लोक माना डोलावतात आणि विचारतात, "मग माथेरानला कधी गेलंच नाही?"

जाणार कसं? माथेरानच्या दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, आमच्या ७६२. इंजिनाच्या वर्गाचं पहिलं अक्षर बघितलं तरी कळतं: झेड म्हणजे ७६२, एन म्हणजे ६१०. आमचं इंजिन झेडबी. एवढी एक ओळ पाटीवर घाला म्हणून मी कितीदा सांगून थकलो. पाटीवर 'वैभवशाली वारसा' मात्र दोनदा आलंय.

तर, एप्रिलात १८ तारखेच्या वारसा दिनाआधी वरून फर्मान आलं की इंजिन चकाचक करा. कंत्राटदाराची पोरं सकाळी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावूनच हजर. मी आडवा उभा राहिलो. बाहेरच्यांना वाटतं रंग खरवडला म्हणजे इंजिन स्वच्छ झालं. प्रत्यक्षात तो ब्रश दोन मिनिटांत लोखंडावर ठोकलेले आकडे गुळगुळीत करून टाकतो. आणि जुन्या इंजिनाची जन्मपत्रिका त्या आकड्यांतच असते. साहेबांशी हुज्जत घालून मी दोन दिवस मागून घेतले. "नंबर तो प्लेट पर लिखा है," असं साहेबांचं म्हणणं. वारसा सांभाळणाऱ्या खात्यांत बदलीवर आलेल्या माणसाला तीन वर्षांत इंजिनाचं पुढचं आणि मागचं टोक ओळखता आलं तरी पुष्कळ, असं माझं मत झालंय.

काम साधं असतं, फक्त वेळखाऊ. आधी टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने उताराउताराने घासायची. खोडाच्या वलयांसारखे एकेक थर उघडे पडतात. वर बाजारू काळा, त्याखाली कुणा हौशी माणसाने कधीतरी दिलेला चंदेरी, मग करडा, मग हिरवा, आणि तळाला लाल प्रायमर. तो हिरवा बघून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. मग चाकं एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड घेतले. रंग मऊ करणारं औषध लावून लाकडी पट्टीने साल काढायची, रॉकेलच्या बोळ्याने जुनं ग्रीस पुसायचं, कोरडं झालं की शंखजिऱ्याची पूड चोळून टॉर्च तिरकी धरायची. खळग्यात पूड राहते आणि आकडा पांढरा उमटतो.

डावीकडच्या कपलिंग रॉडवर उमटलेल्या नंबराचा शेवट ७. कॅबवरच्या पितळी पाटीचा ४. म्हटलं, पूड नीट बसली नसेल, पुन्हा पुसलं. सातच. उजवीकडचा रॉड साफ केला तर तिथे १. संध्याकाळी सिलिंडरमागे फ्रेमच्या, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्याच्या, कडेवर हात घातला, तिथे तिसराच नंबर. बॉयलर मी मोजतच नाही, त्याचा नंबर वेगळा असणारच.

दुसऱ्या दिवशी निवृत्त मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांची नोकरी छोट्या इंजिनांच्या पीओएचमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीत, गेलेली. नंबर ऐकून ते हसायलाच लागले.

"अरे, इंजिन शॉपमध्ये आलं की उघडायचं. चाकं एकीकडे, रॉड दुसरीकडे, बॉयलर तिसरीकडे. महिनाअखेरीला ठरलेली इंजिनं तयार करून द्यायची असतात. याचा रॉड तयार नाही, त्याचा तयार पडलाय. रॉडच्या भोकातला बुश नवा बसवला, भोक मापात आणलं, की रॉडला काय कळतंय तो कुणाचा?"

"पण दोन बाजूंना दोन?"

"मग? दोन इंजिनं भंगारात गेली म्हणून तिसरं चाललं." आकड्यांकडे त्यांनी धड बघितलंही नाही. अंगठ्याने बुशची कड चाचपली आणि म्हणाले, "हे काम आपल्याच हातचं वाटतंय." आनंद त्यांना त्याचा झाला.

मी विचारलं, मग हे इंजिन कुठलं म्हणायचं? ते म्हणाले, पाटीचं. ड्रायव्हर ज्या नंबरावर सही करून इंजिन घ्यायचा तो नंबर. म्युझियमवाल्यांत मात्र फ्रेमला धरून चालणारे बरेच, कारण बाकी सगळं बदललं तरी फ्रेम सहसा टिकते. माझं मत अजूनही आठवड्याला बदलतं. फ्रेम खरी मानली तर आमच्या रजिस्टरातला सगळा इतिहास दुसऱ्याच इंजिनाचा ठरतो. पाटी खरी मानली तर जे लोखंड मी रोज पुसतो त्याला स्वतःचा इतिहासच राहत नाही.

मी पाटीसाठी मजकूर लिहून दिला: चारही नंबर, आणि वर्कशॉपने इंजिनं कशी जगवली त्याच्या दोन ओळी. माझ्या मते बघणाऱ्याला सांगण्यासारखी खरी गोष्ट तीच. साहेबांनी तीन नंबरांवर काट मारली. "पब्लिक कन्फ्यूज होगी." पब्लिक अजून माथेरानातून खाली उतरलेली नाही, तिला आणखी काय कन्फ्यूज करणार!

रंग लागला. आकड्यांच्या जागा मी मेणाने बुजवून घेतल्या आणि फोटो फाइलला लावले.

ज्या इंजिनाची फ्रेम आमच्याकडे आहे, त्याची पाटी मग कुठे गेली, हे मात्र डोक्यातून जात नाही. दुसऱ्या एका गावात अशाच वर्गाचं एक इंजिन चौथऱ्यावर उभं आहे. तिथल्या ओळखीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं: सिलिंडरच्या मागे, फ्रेमच्या वरच्या कडेचा, टॉर्च तिरकी धरून, जवळून फोटो पाठवा. फोटो त्याच दिवशी आला. त्यात इंजिन आहे, तो आहे, त्याची बायको आहे, दोन्ही मुलं आहेत. पुन्हा लिहिलंय.