यात्रेतल्या ट्रॉलीची केबल: प्लग आणि सॉकेट जोडताना

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत भरीत-पुरीपासून आइस्क्रीमपर्यंतच्या ट्रॉल्या उभ्या राहतात. ट्रॉली रबरी टायरवर असते, त्यामुळे तिच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग मिळतं ते फक्त केबलमधल्या हिरव्या तारेतून. ही तार सुटली तरी दिवे लागतात, फ्रीजर चालतो. म्हणून कुणी बघत नाही.

केबल तीन कोअरची, तांब्याची, लवचिक, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. ३० मीटरवर १५ अँपिअरला तिच्यात साधारण ८ व्होल्ट कमी होतात, १.५ च्या केबलमध्ये १३. मंडपवाल्याची दोन कोअरची वायर नकोच. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, वेटोळ्यात ती तापते.

प्लगटॉप (पिनांचा प्लग) वीज येते त्या टोकाला, सॉकेट ट्रॉलीकडच्या टोकाला, आणि ट्रॉलीच्या अंगावर पिनांचा इनलेट. दोन्ही टोकांना प्लगटॉप लावलेली केबल दिसली तर सरळ कापून टाका; एक टोक लावलं की दुसऱ्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट येतात.

तपकिरी (जुन्या केबलमध्ये लाल) तार L ला (फेज), निळी (जुनी काळी) N ला (न्यूट्रल), हिरवी किंवा हिरवी-पिवळी E ला (अर्थ). सॉकेट समोरून पाहताना अर्थचं मोठं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे येतो. प्लगटॉप मागून उघडला तरी तसंच, पण पिनांच्या बाजूने पाहिलं की डावं-उजवं उलटतं. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून बाजू पाठ करण्यापेक्षा आतली अक्षरं वाचा.

अर्थची तार इतर दोघींपेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. तारेच्या टोकाला कथील लावू नका. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, जोड सैल होऊन तापतो. त्याऐवजी लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. क्लॅम्प बाहेरच्या जाड आवरणावर बसला पाहिजे, आतल्या तारांवर नाही.

‘ट्रॉलीजवळ अर्थिंगची सळई ठोकली आहे की!’ असं हमखास ऐकू येतं. तिचा रोध २० ओहम धरला तर फेज सांगाड्याला लागल्यावर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडून वीज तोडणारा स्विच) त्यावर पडणार नाही, सांगाड्यात मात्र वीज राहील. सळई असू द्या, पण केबलमधली अर्थ आणि पुरवठ्याकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पडून पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. ट्रॉलीच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका, नाहीतर आरसीसीबी सारखी पडत राहील.

तपासणी वीज न लावता, मल्टिमीटरच्या बीपवर करा: L ते L, N ते N, E ते E, शिवाय इनलेटची अर्थ पिन ते सांगाड्याचा रंग खरवडलेला भाग. न्यूट्रल-अर्थची अदलाबदल निऑन टेस्टरला कळत नाही. तशी केबल लोड लावताच आरसीसीबी पाडते, आणि मग कारण न शोधता आरसीसीबीच काढून टाकतात.